पासचा हिशेब वापरलेल्या रात्रींवर करा

हॉटेलच्या पासवरच्या (आधी पैसे भरायचे, नंतर ठरलेल्या संख्येइतक्या रात्री राहायचं) एका लेखात १० रात्रींचा पास ४०,००० रुपयांना, म्हणजे रात्र ४,००० ला पडते असं मांडलंय. दहाही रात्री वापरल्या तरच हे खरं. सहाच वापरल्या तर रात्र ६,६६७ ला जाते. पुणेकराला महाबळेश्वर हवं असतं शनिवारी, आणि शनिवार, दिवाळी, ३१ डिसेंबर याच तारखा बऱ्याच पासवर बंद असतात. 'उपलब्धतेनुसार' लिहिलंय म्हणजे पासवाल्यांसाठी मोजक्याच खोल्या असू शकतात. साइटवर खोली दिसते, पासवर मात्र फुल्ल. पैसे भरण्याआधी पुढच्या तीन शनिवारांच्या तारखा देऊन उत्तर ईमेलवर लेखी मागा, फोनवरचं काही धरू नका. जीएसटी, नाश्ता, जादा गादीचे पैसे वेगळे का, तेही विचारा. फक्त शनिवार-रविवारच मोकळे असाल तर कृपया घेऊच नका. मंगळवार-बुधवारी निघू शकणाऱ्या निवृत्त जोडप्याला परवडतो.