रोज दहा शब्दांचं गणित आणि सातवीतली मुलं

शाळा सुरू झाली की पुण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्यात म्हटलेलं असतं की मुलांकडून रोज दहा इंग्रजी शब्द पाठ करून घ्या, वर्षात 3650 होतात आणि आठवी संपेपर्यंत इंग्रजी पक्कं. सुरुवात अवघड शब्दांपासून करा. वहीत मराठी अर्थ लिहू देऊ नका, घरात मराठी बोलणंच बंद करा. वाचायचा कंटाळा असेल तर इंग्रजी कार्टून लावून द्या, शब्द आपोआप येतात.

मी सेमी-इंग्रजीच्या पाचवी ते आठवीच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. हा मेसेज मनापासून पाळणारे आईबाप मला भेटतात आणि त्यांच्या मुलांची दमछाकही रोज दिसते. रोज थोडा वेळ इंग्रजीला द्यावा, एवढं त्यातलं मला मान्य आहे. बाकीचं पटत नाही.

आधी ते 3650. गुणाकार बरोबर आहे, पण त्यात पाठ केलेले शब्द मोजलेत, विसरलेले मोजलेलेच नाहीत. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरजोड्या स्वतः पाठ करून त्या किती वेळात विसरल्या जातात ते मोजलं आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केलं. विसरणं सगळ्यात वेगाने होतं ते पहिल्या काही तासांत, नंतर वेग मंदावतो. उजळणी एका बैठकीत न उरकता मध्ये दिवस सोडून केली तर कमी कष्टात जास्त टिकतं, हेही त्याला दिसलं. आता रोज दहा नवे शब्द घ्यायचे आणि मागचेही उजळायचे म्हटलं तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत हजाराच्या वर शब्द साचतात. ते कोण उजळणार? मग सोमवारचे शब्द शुक्रवारी पुसलेले असतात आणि मूल ‘माझ्या डोक्यात इंग्रजी राहतच नाही’ असं स्वतःबद्दल ठरवून टाकतं. याचाच मला सगळ्यात जास्त त्रास होतो. आठवड्याला आठ-दहा शब्द पुष्कळ झाले. फक्त ते त्याच आठवड्यात वेगवेगळ्या वाक्यांत भेटायला हवेत, पुढच्या आठवड्यात पुन्हा, महिन्याभराने पुन्हा.

अवघड शब्द आधी, हा सल्ला तर मला घातकच वाटतो. अशा याद्यांमध्ये ‘सेरेंडिपिटी’ आणि ‘ऑब्फस्केट’ असतात. सातवीच्या मुलाला ते वर्षभरात एकदा तरी कुठे भेटणार आहेत? इंग्रजी अध्यापनाचा अभ्यासक मायकेल वेस्टने 1953 मध्ये सर्वाधिक उपयोगाच्या सुमारे 2000 इंग्रजी शब्दांची यादी केली. साध्या इंग्रजी मजकुरातले जवळपास 80 टक्के शब्द तेवढ्यातच येतात. पुढे 2000 साली ॲव्हरिल कॉक्सहेड या भाषा-अभ्यासक बाईंनी विद्यापीठीय पुस्तकांमधून 570 शब्दकुटुंबं, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे गट, वेगळी काढली. कुठलाही विषय उघडा, हे शब्द भेटतातच. आमच्या मुलांचं घोडं अडतं ते नेमकं याच मधल्या शब्दांवर.

आमच्या वर्गातलंच सांगते. विज्ञानाच्या पेपरात प्रश्न होता, ‘डिस्टिंग्विश बिटवीन मेटल्स अँड नॉन-मेटल्स’. एका हुशार मुलीने धातूंवर अख्खा परिच्छेद लिहिला आणि अधातूंबद्दल एक अक्षर नाही. पेपर हातात पडल्यावर ती रडवेली झाली. मी विचारलं, ‘बाळा, धातू आणि अधातूत फरक काय?’ तिने उभ्या उभ्या चकाकी, वर्धनीयता, वीजवहन, आवाज असे चार फरक सांगितले. तिला विज्ञान येत होतं, अडली ती ‘डिस्टिंग्विश’पाशी. ‘जस्टिफाय’, ‘कम्पेअर’, ‘गिव्ह सायंटिफिक रीझन्स’, ‘स्टेट’, ‘क्लासिफाय’ हे शब्द आठवीपर्यंत जवळजवळ प्रत्येक पेपरात येतात आणि कुठल्याही चमकदार यादीत नसतात. तीच गत ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांची. गणितात ‘सॉल्युशन’ म्हणजे उकल, विज्ञानात द्रावण. ‘रूट’ गणितात वर्गमूळ, जीवशास्त्रात झाडाचं मूळ. हे कुणीतरी बसून सांगावं लागतं.

घरात मराठी बंद करण्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय, हे करू नका. कुरडया गच्चीवर का वाळतात हे ज्या मुलाला आजीशी बोलताना कळलंय, त्याला ‘इव्हॅपोरेशन’साठी फक्त नवं नाव शिकायचंय, कल्पना त्याच्याकडे आहेच. जिम कमिन्स या अभ्यासकाने 1979 पासून हेच मांडलं की पहिल्या भाषेत घडलेली समज दुसऱ्या भाषेच्या कामी येते. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणसुद्धा किमान पाचवीपर्यंत आणि शक्य तर आठवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं. ज्या आईबाबांना इंग्रजी बेताचंच येतं त्यांनी मराठी सोडलं तर घरात उरतं ‘कम फास्ट’, ‘ईट प्रॉपरली’, ‘डू होमवर्क’. भांडण, गोष्ट, कारण, शंका सगळं बंद होतं. मुलाचे शब्द त्याने वाढतील कसे?

वहीत मराठी अर्थ जरूर लिहा. नव्या शब्दाशी पहिली ओळख त्यानेच सगळ्यात पटकन होते. मात्र तिथेच थांबायचं नाही. ‘अबँडन – सोडणे’ एवढंच पाठ केलेल्या एका मुलाने मला वाक्य करून दिलं, ‘आय अबँडन द बस ॲट स्वारगेट.’ त्याच्या परीने बरोबरच होतं, आपण बस सोडतोच की! म्हणून शब्दासोबत तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य लिहायचं, शेजारी त्याचे जोडीदार आणि भावंडं. ‘डिसाइड’ लिहिलं की ‘डिसिजन’ आणि ‘मेक अ डिसिजन’ही. ‘अनहॅपी’ आला की ‘अनफेअर’, ‘अनटाय’. ज्याला अशक्य, बेशिस्त, नापसंत हे शब्द माहीत आहेत त्याला ही पद्धत चटकन कळते.

कार्टूनबद्दल थोडक्यात. उच्चार आणि बोलण्याची लय कानावर पडते, तेवढ्यासाठी जरूर पाहू दे. पण हेज आणि आहरेन्स या संशोधकांनी 1988 मध्ये मोजदाद करून दाखवलं की मुलांच्या पुस्तकांत दर हजार शब्दांमागे सुमारे 31 कमी वापरातले शब्द असतात, तर संध्याकाळच्या मोठ्यांच्या टीव्ही कार्यक्रमांत सुमारे 23. बालसाहित्य मोठ्यांच्या टीव्हीपेक्षाही शब्दश्रीमंत ठरलं.

तेव्हा वाचन हवंच, आणि तेही मापाचं. मजकूर नीट समजायला त्यातले साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे शंभरात दोनच अनोळखी. वाचताना एकदा भेटलेला अनोळखी शब्द लक्षात राहायची शक्यता 15 टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे एकच जाडजूड पुस्तक रेटण्यापेक्षा एका विषयावरची चार पातळ पुस्तकं बरी, कारण तेच शब्द पुन्हा भेटतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकात अशी वापरलेली पुस्तकं कमी किमतीत मिळतात. सातवीतल्या मुलाला तिसरी-चौथीचं पुस्तक द्यायला लाजू नका. दुकानात उभ्या उभ्या त्याला एक पान वाचू द्या आणि काय झालं ते मराठीत विचारा. न अडखळता सांगितलं तर घ्या, नाही तर शेजारचं त्याहून सोपं बघा.