सराव पुस्तिका छापल्या, पण उत्तरपत्रिकेचे गोल रंगवायला कोण शिकवणार?

शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी-आठवीवरून पुन्हा चौथी-सातवीला आणताना शाळांनी तयारी कशी करावी, हे एका लेखात सांगितलंय, त्यावर हे लिहिते आहे. निर्णय योग्यच आहे. 2016-17 ला ही परीक्षा पाचवीला नेली आणि चौथीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळांच्या हातातून ती गेली. पोरं घडवायची आम्ही आणि परीक्षेला बसणार दुसऱ्या शाळेतून, मग जादा तास घेणार कोण?

पण तयारी म्हणजे नुसते सराव संच नव्हेत. दीडशे गुणांचे दोन पेपर, प्रत्येकी 75 प्रश्न, वेळ दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटही नाही. चौथीचं लेकरू उत्तर बरोबर काढतं, पण एक प्रश्न सोडून पुढे गेलं की उत्तरपत्रिकेवर सतराव्याचं उत्तर सोळाव्याच्या गोलात रंगवतं आणि तिथून पुढे सगळंच एका घराने सरकतं. आमच्या वर्गात हे दर सरावाला होतं. म्हणून मी आता दर पाच प्रश्नांनंतर बोट ठेवून क्रमांक जुळवायला लावते. गणितापेक्षा हेच शिकवायला जास्त वेळ जातो (आणि याचं प्रशिक्षण कुठल्याच पत्रकात नसतं).

सातवीचं मला फारसं ठाऊक नाही, तिथले शिक्षक सांगतील. 2025-26 ला चारही इयत्तांची परीक्षा ठेवली, त्या वर्षी दोनशिक्षकी शाळांचे काय हाल झाले यावर लेखात एक ओळ तरी हवी होती. शिवाय ऑनलाइन माहिती भरायचं काम आहेच, तेही त्याच दोघांकडे.