मोडशी शोधायला लिस्बनला यावं लागत नाही

गोव्यातून पुन्हा तोच सूर ऐकू येतोय. आपले जुने ग्रंथ पोर्तुगिजांनी नेले, ते लिस्बनच्या कपाटांत कुलूपबंद पडलेत, ते परत येईपर्यंत आपल्या औषधी वनस्पतींचा इतिहास लिहायचा कसा? ग्रंथ जरूर मागावेत. पण तोवर वाचताच येत नाहीत, हे खरं नाही. असं म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी एकदा तरी शोधून पाहिलं?

सोळाव्या शतकात गोव्यात राहिलेल्या पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताचंच घ्या. पणजीत चर्चजवळच्या बागेला ज्याचं नाव आहे, तोच. त्याचे ‘कोलोक्विउश’, म्हणजे इथल्या औषधी वनस्पतींवरचे संवाद, १५६३ साली गोव्यातच छापले गेले. ती आवृत्ती मी राहतो त्या लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात पानन् पान बघता येते. ग्रंथालयाजवळच्या एंत्रेकांपुश स्थानकावर उतरून वाचक-कार्ड दाखवणाऱ्यापुढेही सहसा स्कॅनच येतो. तोच गोव्यातल्या सावर्ड्यात मोबाइलवर उघडतो.

अडतं ते नावापाशी. रोमन लिपीत आडनाव ‘एच’ लावून आणि न लावता, आधी ‘द’ आणि ‘दा’, अशा सगळ्या रूपांनी शोधावं. लॅटिनमध्ये तो ‘अब हॉर्टो’ होतो. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियसने १५६७ मध्ये अँटवर्पला काढलेला संक्षेप त्याच नावाखाली सापडतो, आणि युरोपने ओर्ता वाचला तो मुख्यतः त्यातून.

सुरुवात मात्र १५६३च्या प्रतीपासून करू नये. आधी इंटरनेट आर्काइव्हवर मार्कमचा १९१३चा इंग्रजी अनुवाद उघडावा आणि हव्या त्या संवादाचा क्रमांक टिपून घ्यावा. आठवा भांगेचा, पाचवा बिब्ब्याचा, चौतिसावा आंब्याचा. त्या क्रमांकाने काँद द फिकाल्योच्या पोर्तुगीज आवृत्तीत (दोन खंड, १८९१ आणि १८९५) जावं, कारण खऱ्या कामाच्या टिपा तिथे आहेत. मग मूळ छापील पान. तिथे क्रमांक पानाला नसून पत्राला आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून एकच. पन्नासावं पत्र हवं असेल तर शंभराच्या पुढची प्रतिमा उघडायची.

शब्दशोध फसला की ‘पुस्तकात नाहीच’ असं ठरवून लोक मोकळे होतात. जुन्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘एस’ लांब असतो आणि यंत्र त्याला ‘एफ’ समजतं. म्हणून ‘एस’च्या जागी ‘एफ’ घालून पुन्हा शोधावं. शेवटचा ‘एस’ तसाच ठेवावा. ‘यू’ आणि ‘व्ही’ एकमेकांच्या जागी येतात. स्वरावरची नागमोडी रेघ म्हणजे गाळलेला ‘एन’ किंवा ‘एम’, आणि ती यंत्राला बहुधा दिसतच नाही. हाथीट्रस्ट या अमेरिकन डिजिटल ग्रंथालयात पुस्तक बंद दिसलं तर निराश होऊ नये. अमेरिकेत खुली असलेली बरीच पुस्तकं तिथे बाहेरच्यांना मिळत नाहीत, मलाही नाहीत.

मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या लॅटिन ग्रंथाचे बारा भाग (१६७८ ते १६९३) बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयात आहेत. गूगल बुक्सवर जुन्या ग्रंथांची घडीची चित्रं कित्येकदा घडी न उलगडताच स्कॅन झालेली असतात, म्हणून तिथे जाऊ नये. आजच्या शास्त्रीय नावाने शोधूनही उपयोग नाही, कारण ग्रंथ ती नावांची पद्धत घालणाऱ्या लिनियसच्या आधीचा आहे. पहिल्या भागाच्या प्रास्ताविक पानांत रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या वैद्यांचं नागरीतलं प्रमाणपत्र आहे. ते कोंकणी की मराठी यावर आपल्याकडे तावातावाने बोलणारे भेटतात. अहो, पान उघडा, मोठं करा, ओळ न् ओळ लावा, मग भांडा. इथे जुन्या ग्रंथाचा विषय निघाला की लोक आधी दुवा मागतात, मत नंतर देतात. आपल्याकडे नेमकं उलटं, आणि याचाच मला राग येतो.

या रागाच्या तळाशी दुसरंही काही आहे. सतराव्या संवादात ओर्ता कोष्ठ या औषधी मुळीबरोबर कॉलऱ्याबद्दल लिहितो आणि सांगतो की भारतातले लोक या रोगाला ‘मोर्शी’ म्हणतात. जगभरच्या वाचकाला तिथे टीप लागते. गोव्यातल्या माणसाला लागत नाही, त्याच्या घरात मोडशी हा शब्द आहे. मी पोर्तुगीज शिकलो, म्हणून तिकडच्यांना आळशी म्हणायचा हक्क मिळाला असं मी धरून चाललो. पण पोर्तुगीज वाचणारे इथे रस्तोरस्ती आहेत. मोडशी ऐकून जिला सुंठ आठवेल अशी आजी इथे नाही. ओर्ता समजायला जे लागतं त्यातलं अर्धं मी तिकडूनच आणलं, आणि इथे ते वापरावाचून झिजत चाललंय. तुमच्याकडे ते शाबूत आहे आणि पुस्तकही खुलं आहे, तरी तुम्ही कपाटाच्या किल्ल्या मागत बसता, हे मला सहन होत नाही.

भिरंडीचा, म्हणजे कोकमाचा, संवाद दहावा आहे. बोराच्या मागोमाग बघा.