बिल म्हणे शून्य!

"सोलर बसवलं की बिल शून्य!" हे ऐकलं की डोक्यात तिडीक जाते. अहो, नेट मीटरवर, म्हणजे ग्रिडला दिलेली आणि ग्रिडकडून घेतलेली वीज मोजणाऱ्या मीटरवर, फक्त युनिटं वळती होतात. स्थिर आकार दर महिन्याला भरायचाच. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतल्या ७८,००० रुपयांच्या अनुदानाचंही तेच. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, पुढे कितीही पॅनल लावा, छदाम वाढत नाही. आणि हा हिशेब स्वतंत्र घराचा. मुंबईत गच्ची सोसायटीची! तिथे लिफ्ट-पंपाच्या सामायिक मीटरसाठी किलोवॅटला १८,०००. त्यातही पॅनलमधले वीज बनवणारे सेलसुद्धा भारतातच बनलेले हवेत. बाहेरचे सेल इथे जुळवलेलं स्वस्त पॅनल घेतलंत, की अनुदान गेलं.

किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. पाण्याच्या टाकीची सावली एकाच पॅनलवर पडली तरी अख्ख्या स्ट्रिंगचं, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनलच्या माळेचं, उत्पादन घसरू शकतं, हे कोण सांगणार? जुलैतल्या ढगांचं तर नावच नको.

कहर म्हणजे, वीज गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टरही, म्हणजे पॅनलची वीज ग्रिडला जोडणारं यंत्रही, बंद. मुद्दामच, नाहीतर पॅनलची वीज लाइनमध्ये जाऊन तिथे काम करणाऱ्या वायरमनला झटका बसेल. डोक्यावर रणरणतं ऊन, गच्चीवर पॅनल, आणि लिफ्ट मात्र तिसऱ्या मजल्यावर अडकलेली.