दोनदा तेच उत्तर आलं म्हणजे ते खरं?

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या 'ज्येष्ठांची प्रोटीन चाचणी' फिरते आहे. दहा प्रश्न, आणि पाचपेक्षा कमी गुण आले तर रात्रीचं जेवण बंद करून प्रोटीन पावडर घ्यायची, असा हुकूम. सुदामा नगरच्या आमच्या आत्याबाईंनी तो पाळायलाही घेतला, म्हणून हे लिहावं लागतंय.

पहिला दावा: 'दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा, गुण तेच येतील, म्हणजे चाचणी शंभर टक्के अचूक.' अहो, काटा दोन किलो कमी दाखवत असेल तर तो रोज दोन किलो कमीच दाखवेल! 'रोज ग्लासभर दूध पिता का?' या प्रश्नाला आजी 'नाही' म्हणणार, शून्य गुण. उद्याही 'नाही'च. पण चार वेळच्या चहात 50-50 मिली दूध पडत असेल तर 200 मिली पोटात गेलंच, म्हणजे सहा-एक ग्रॅम प्रोटीन. उत्तर अगदी पक्कं, आणि निष्कर्ष चुकलेला. शिवाय काल काय सांगितलं ते आज आठवतंच, म्हणून मध्ये दोन-चार आठवडे जाऊ द्यावे लागतात. मात्र त्यात श्रावण लागला तर जेवणच बदलतं. बेरीज जुळूनही भागत नाही: एकदा दूध 'हो', डाळ 'नाही' आणि पुढच्या वेळी उलट, तरी गुण तेवढेच. म्हणून प्रत्येक प्रश्न वेगळा ताडायचा आणि योगायोगाने जुळलेला भाग वजा करायचा. त्यासाठी 'कॅप्पा' नावाचं माप असतं.

दुसरा: 'म्हाताऱ्यांना आठवत नाही, फॉर्म सुनेनेच भरावा.' स्मृतिभ्रंश असेल तर घरच्यांना विचारावंच लागतं, एवढं मान्य. एरवी सुनेला वाढलेलं दिसतं. ताटात उरलेलं किंवा दुपारी डब्यातून काढलेली मूठभर शेव तिला कुठून दिसणार? रोजचं ठरलेलं जेवण ज्येष्ठ बऱ्यापैकी सांगतात, अंदाज चुकतो तो प्रमाणाचा. घट्ट वरणाच्या वाटीत 30 ग्रॅम कोरडी डाळ असली तर साडेसहा ग्रॅम प्रोटीन मिळतं, पातळ आमटीच्या वाटीत त्याच्या निम्मंही नसतं. फॉर्मवर दोन्ही 'एक वाटी'.

चाचणीतल्या पदार्थांच्या यादीत ओट्स आणि ब्राउन ब्रेड आहेत, पोहे, कढी, साबुदाण्याची खिचडी नाही. यावर आणखी काय बोलायचं!

आता तो हुकूम. म्हातारपणी भूक मंदावते आणि प्रोटीन कमी पडू शकतं, हे खरं. 2020 च्या आयसीएमआर-एनआयएनच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि तिची राष्ट्रीय पोषण संस्था) शिफारशीत प्रौढांना वजनाच्या दर किलोला रोज 0.83 ग्रॅम धरलंय, म्हणजे 55 किलोला साधारण 46 ग्रॅम. पण आधीच कमी खाणाऱ्याचं जेवणच बंद? आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रोटीनचं माप डॉक्टरच ठरवतात. ज्येष्ठांचं कुपोषण ओळखायला जगभर वापरल्या जाणाऱ्या 'मिनी न्यूट्रिशनल असेसमेंट' या चाचणीची छोटी आवृत्ती पाहा: सहा प्रश्न, कमाल 14 गुण, 12 ते 14 ठीक, 8 ते 11 धोका, 7 पर्यंत कुपोषण. त्यात तीन महिन्यांत भूक आणि वजन किती घटलं, हिंडणं-फिरणं कसं आहे, मोठं आजारपण किंवा मानसिक धक्का, स्मृतिभ्रंश किंवा नैराश्य हे विचारतात. वजन-उंचीचं गुणोत्तर काढता येत नसेल तर पोटरीचा घेर मोजतात, 31 सेंमी ही सीमा. पायावर सूज असेल तर तोही फसवतो. एवढं करूनही ती फक्त चाळणी आहे. गुण कमी आले की पुढे तपासणी: कवळी सैल आहे का, कोणत्या औषधाने तोंडाची चव गेली, बद्धकोष्ठ आहे का.

आहारच तपासायचा असेल तर सलग नसलेले तीन दिवस निवडा, त्यात एक उपासाचा किंवा रविवार. आधी कालचं सगळं भराभर सांगू द्या, मग चहा, बिस्किट, शेव, प्रसाद, गोळीबरोबरचं दूध हे मुद्दाम विचारा, वेळा लावा आणि शेवटी प्रमाण. त्यासाठी घरची वाटी पाण्याने भरून ते पाणी मापाच्या पेल्यात ओता. ती 120 मिलीची निघेल नाहीतर 180 ची.