‘दोन नंबर छोटे बूट घ्या’ सांगणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

पाऊस ओसरला, सह्याद्रीतलं गवत पिवळं पडायला लागलं की तो मेसेज दरवर्षी नव्याने फिरतो. ‘कड्यावर चढायचंय? हे वाचाच!’ असा मथळा, खाली पाच-सहा ठाम वाक्यं, अधूनमधून भगवे झेंडे. यंदा तो मला तीन ग्रुपवर आला. त्यातल्या एकावर तर आमच्याच क्लबातल्या एका पोराने टाकला होता, म्हणून हा खटाटोप.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. मावळे अनवाणी कडे चढले, तेव्हा बूट हे कंपन्यांनी काढलेलं खूळ. तरी घ्यायचेच असतील तर रोजच्या मापापेक्षा दोन नंबर छोटे घ्या, पाय दुखलाच पाहिजे. महागातले, टोक खाली वळलेले बूट घेतले की पाय सुटतच नाही. दोर जाड बघून घ्या. आपल्या सुळक्यांवर बोल्ट (दोर अडकवायला कातळात ठोकलेले खिळे) मारलेलेच असतात, फार सामान नेऊ नका. आणि हेल्मेट नवख्यांसाठी.

पहिलं वाक्य बूट नको म्हणतं, तिसरं महागडे घ्या म्हणतं. लिहिणाऱ्याने स्वतःचंच पुन्हा वाचलेलं दिसत नाही. असो.

‘मावळे अनवाणी चढले’

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांची माणसं कोंढाण्याचा कडा चढली. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद अवघ्या ६० जणांना घेऊन पन्हाळ्यावर चढला. त्याबद्दल कुणाचं दुमत नाही. पण ती लढाई होती. जीव पणाला लावूनच ती माणसं निघाली होती आणि पर्याय असता तर त्यांनी तोही वापरला असता. रविवारी सकाळी डबा घेऊन निघणाऱ्या आपल्याला त्यांचं नाव पुढे करून दुकानातले पैसे वाचवायचे असतील, तर निदान तसं सरळ म्हणावं.

अनवाणी चढणारी माणसं आजही आहेत. कड्याखालच्या वाडीतले मामा हातात कोयता घेऊन ज्या वाटेने सहज वर जातात, तिथे आपण दोर काढतो. पण त्यांच्या तळव्याला जन्मभराची सवय असते आणि त्या वाटेवरचा कुठला दगड हलतो हे त्यांना पाठ असतं. फ्रान्समध्ये शार्ल आल्बेर नावाचा चढाईपटू फाँतेनब्लोच्या वालुकाश्मावर अनवाणी फार अवघड बोल्डरिंग (छोट्या कातळांवरची बिनदोराची चढाई) करतो, हेही खरं. तिथे उंची थोडी आणि खाली गाद्या असतात. आपल्या सह्याद्रीतल्या तेलबैलाच्या कातळभिंतीवर खाली गादी नाही.

रबराचं काम काय, ते एकदा समजून घ्यावं. चढाईत पाय दोन तऱ्हांनी टिकतो. बोटभर रुंदीच्या खाचेवर बुटाची आतली कड टेकवून उभं राहायचं, किंवा खाच नसेल तिथे तळवा कातळावर दाबून रबराच्या पकडीवर विसंबायचं. मऊ रबर दगडाच्या खाचाखळग्यांत शिरतं, म्हणून ते धरून राहतं. आमच्या आधीच्या पिढीने कॅनव्हासच्या हंटर बुटांवर मोठमोठे सुळके सर केले. चिकट रबराचे बूट जगाच्या बाजारात आलेच मुळी १९८० च्या दशकात, आणि आपल्याकडे हाताशी यायला आणखी बराच काळ गेला. ती मंडळी थोर होती. पण त्यांना आज विचाराल तर हंटर घालून पुन्हा चढायला त्यातलं कुणी तयार होईल असं मला वाटत नाही.

‘दोन नंबर छोटे घ्या, पाय दुखलाच पाहिजे’

या एका वाक्याने सगळ्यात जास्त नवखी माणसं चढाईतून पळवून लावली आहेत. मीही त्यातलाच होणार होतो. पहिले बूट मी असेच घेतले. तिसऱ्या रविवारी दोन्ही अंगठ्यांची नखं काळी झाली आणि पुढचे दोन महिने चपलेवर काढले.

छोट्या मापाच्या सल्ल्यामागे एक खरी गोष्ट दडलेली आहे. अस्तर नसलेलं चामडं वापरून सैल होतं, कधी कधी पूर्ण एका नंबराने. सिंथेटिक बूट जवळजवळ आहे तसाच राहतो. चामड्याच्या बुटासाठी कुणीतरी दिलेला सल्ला सिंथेटिकला चिकटला आणि मेसेज होऊन फिरायला लागला, एवढीच याची गोष्ट असावी. शिवाय ‘दोन नंबर’ कशापेक्षा? एका कंपनीचा ४१ दुसरीच्या ४० एवढा भरतो. चढाईच्या बुटांत आकडा हा फक्त कुठला डबा आधी उघडायचा ते ठरवण्यापुरता.

म्हणून दुकानात जाऊन घालून बघा. डेकॅथलॉनसारख्या ठिकाणी तेवढी सोय असते. संध्याकाळी जा, कारण दिवसभराने पाय थोडा फुगलेला असतो. नखं कापून जा. बोटं पुढे टेकली पाहिजेत, सांध्यात किंचित वाकली तरी चालतील, पण एकावर एक चढता कामा नयेत. टाचेमागे पोकळी नको. टाच पोकळ असेल तर पाय नेमका जोर लावताना बुटातल्या बुटात सरकतो. मग भिंतीच्या पट्टीवर किंवा लाकडी पायरीच्या कडेवर एका पायाच्या अंगठ्यावर उभं राहा. दाब सगळीकडे सारखा जाणवला तर ठीक. एकाच जागी कळ आली तर तो बूट तुमच्या पायाचा नाही, तो कितीही सुंदर असो. दुकानदार म्हणेल ‘सैल होईल’. चामडं असेल तर थोडं होईल, पण अंगठ्याच्या हाडावरची कळ जात नाही.

दिवसभराची, चार-पाच पिचची (पिच म्हणजे एका दोराच्या लांबीत चढायचा टप्पा) चढाई असेल तर आणखी सैल, पातळ मोज्यासकट बसेल असा बूट बरा. उन्हात कातळ तापतो, पाय फुगतात, आणि बिले देताना, म्हणजे चढणाऱ्या जोडीदाराचा दोर सांभाळताना, तासभर त्याच बुटात उभं राहावं लागतं. ज्याचा पाय ठणकतोय त्याचं लक्ष दोराकडे नसतं. घट्ट बुटाचा धोका अंगठ्यापुरता राहत नाही, तो असा दुसऱ्याच्या जिवापर्यंत जातो.

‘महागडा, वळलेला बूट घेतला की पाय सुटत नाही’

टोक खाली वळलेले बूट ओव्हरहँगसाठी, म्हणजे बाहेर झुकलेल्या कातळासाठी असतात, जिथे पायाने होल्ड (आधाराची खाच) खेचून धरावा लागतो. बदामीच्या वालुकाश्मावर एखाद्या कठीण मार्गाला ते उपयोगी पडतील. आपला बेसाल्ट थराथरांनी साचलेला, त्यामुळे उभी भिंत आणि मध्ये मध्ये आडव्या खाचा. त्यावर सपाट, थोडा ताठ बूट बरा. पहिली दोन वर्षं तरी दुसरा घेऊ नका. आणि पाय सुटतो तो बहुतेक वेळा तळाला लागलेल्या मातीमुळे. पायथ्याशी सतरंजीचा तुकडा टाका, त्यावर उभं राहून तळवे फडक्याने पुसा, मगच कातळाला पाय लावा. याला पैसे पडत नाहीत म्हणून मेसेजमध्ये नसावं.

खरा मुद्दा वेगळाच आहे. बूट चढायला मदत करतो. पडल्यावर झेलत नाही. १९८९ मध्ये लिन हिल ही त्या काळातली जगातली अव्वल चढाईपटू फ्रान्समधल्या ब्यूच्या कड्यावर सरावाची चढाई करत होती. तिने दोर हार्नेसमधून (कमरेच्या पट्ट्यातून) ओवला, गाठ पुरी करायच्या आधी बूट घालायला गेली आणि गाठ तशीच राहिली. वर पोहोचून दोरावर भार टाकताच ती ७० फुटांहून अधिक खाली आली. झाडाच्या फांद्यांमुळे वाचली. पाय मोडला, कोपर निखळलं. पायात बूट उत्तमच होते. तेव्हापासून आमच्याकडे बूट आधी, गाठ नंतर, आणि ती गाठ जोडीदाराने हात लावून बघायची.

‘दोर जाड बघून घ्या’

हा सल्ला सगळ्यात घातक, कारण तो शहाणपणाचा वाटतो. रॅपलिंगला (दोरावरून खाली उतरायला), व्हॅली क्रॉसिंगला (दोरावरून दरी ओलांडायला) वापरतात तो स्टॅटिक दोर बहुधा १०.५ ते ११ मिलिमीटरचा. लीडसाठीचा, म्हणजे दोर घेऊन सगळ्यांत पुढे चढणाऱ्यासाठीचा, डायनॅमिक दोर बऱ्याचदा त्याहून बारीक. म्हणजे ‘जाड’ शोधणारा माणूस नेमका चुकीचा दोर उचलतो. स्टॅटिक दोर ताणत नाही. लीड करणारा त्यावर पडला तर सगळा झटका त्याच्या कमरेला आणि वरच्या बोल्टला. डायनॅमिक दोर ताणून तो झटका पितो. प्रमाणित सिंगल दोराच्या चाचणीत पहिल्या पडण्याचा झटका १२ किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो, म्हणजे साधारण १२०० किलोचा भार.

किती उंचीवरून पडलात यापेक्षा झटका शोषायला दोर किती होता हे मोठं. बिले देणाऱ्यापासून ५ मीटर वर गेलात, मध्ये दोर कुठेच अडकवलेला नाही आणि पडलात, तर १० मीटर खाली येता आणि झेलायला दोर फक्त ५ मीटर. पडलेलं अंतर भागिले झेलणारा दोर, याला फॉल फॅक्टर म्हणतात; इथे तो २, याहून वाईट होत नाही. म्हणून पिच सुरू झाल्या झाल्या पहिला अँकर (दोर अडकवायचा आधार) लवकर लावायचा.

‘बोल्ट मारलेलेच असतात’

असतात. कधी मारले, कुणी मारले? चार महिने पाऊस खाल्लेलं साधं पोलाद बाहेरून जेवढं गंजलेलं दिसतं त्यापेक्षा आत जास्त गेलेलं असू शकतं. हातोडीने हलकेच ठोकून आवाज ऐका. हँगर (बोल्टवरची दोर अडकवायची पट्टी) फिरतोय का बघा. बोल्टभोवतीचा कातळही ठोका; भरीव आवाज आणि पोकळ आवाज यातला फरक एकदा कानात बसला की विसरत नाही. उन्हात पांढरट पडलेली जुनी स्लिंग (बोल्टला बांधलेला पट्टीचा फास) दिसली तर तिच्यावर उतरू नका, आपली नवी लावा. एका बोल्टवर कधीच नाही, निदान दोन, भार वाटून. आणि रॅपलिंगच्या दोराच्या दोन्ही टोकांना गाठी मारल्याशिवाय दोर खाली टाकू नका.

‘हेल्मेट नवख्यांसाठी’

दगड अनुभव विचारून पडत नाही. बहुतेक वेळा तो वरच्या गड्याच्या पायाने सुटतो, आणि कधी कधी माकडांच्या.

मेसेजमध्ये आग्या मोहोळाचा शब्दसुद्धा नाही, यावरून तो लिहिणारा आपल्या कड्यांवर कितपत फिरला असेल असा प्रश्न पडतो. ओव्हरहँगखाली काळे पट्टे लोंबताना दिसले तर त्या दिवशी तो मार्ग सोडायचा. धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही.

मेसेज टाकणाऱ्या पोराला मी विचारलं, तू स्वतः किती नंबरचे घेतलेस? ‘दोन नंबर छोटे, दादा. घरी पडलेत.’ घेऊन ये म्हटलं. ते त्याच्या धाकट्या बहिणीला बसले, टाचेसकट नीट. आता रविवारी ती येते.