आधी दांड्याचं वजन विचारा

जिममध्ये पहिल्यांदा जाताना वाटणाऱ्या भीतीवर एका लेखात "मन घट्ट करा, कोणी बघत नाही" असा सल्ला दिलाय, तो नवख्याला पुरत नाही. धीर येतो तो सामानाची माहिती झाल्यावर. ऑलिम्पिक बार, म्हणजे प्लेटा लावायचा लांब लोखंडी दांडा, रिकामाच 20 किलोचा. दोन्हीकडं 5-5 च्या प्लेटा लावल्या की 30 झाले. हे मोजलं नाही की बेंचवर आडवं पडून उचलताना बार छातीवर अडकतो आणि पोरगं परत जिमची पायरी चढत नाही. धरायला कोणी नसेल तर बेंचवर बारला क्लिपा (प्लेटा सरकू नयेत म्हणूनच्या) लावू नका, अडकलाच तर बार एका बाजूला कलवून प्लेटा पाडता येतात.

आपल्या बेळगावकडं तालमीत बैठका मारलेली पोरं स्क्वॉटला (खांद्यावर बार घेऊन उठबस) फसतात, त्याचं कारण वेगळं. बैठकीत टाचा उचलतात, स्क्वॉटमध्ये टाच जमिनीला चिकटलेली हवी. जुनी सवय राहिली की तोल पुढं जातो, ताकद असूनही माणूस बिचकतो. तिथं रिकाम्या बारवरच 8-10 वेळा उठबस, असे 3 सेट मारा. तिन्ही सेट टाच न हलता झाले तरच 5 किलो वाढवा. रॅकच्या (बार ठेवायच्या चौकटीच्या) आडव्या सळ्या, पूर्ण खाली बसल्यावर बार जिथं येतो त्याच्या बोटभर खाली लावायच्या. संध्याकाळची गर्दी सुरुवातीला टाळलेलीच बरी.